दोनशे सातवं पान

१

दोनशे सहाच्या पुढे एकदम दोनशे आठ.

निबंधकसाहेबांनी पहिली प्रत बाजूला सारली आणि दुसरी उघडली. दोनशे सहा, दोनशे आठ. तिसरी उघडली. तिच्यातही तेच. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि मटकन बसले.

टाकेबाई दारातच थांबल्या होत्या. अंगात अजून कोट, खांद्याला पिशवी, कोटाच्या कॉलरला कालची सुई तशीच टोचलेली आणि तिच्यामागे वीतभर काळा दोरा लोंबतोय. टाकेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तळघरातल्या खोलीत बसून त्या निकालांची पानं सुईदोऱ्यानं शिवायच्या, म्हणून. एकतीस वर्षं शिवत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांना तिजोरीच्या खोलीत कुणी बोलावलं नव्हतं, आणि आज सकाळी साडेआठला, कोट काढायच्या आत बोलावणं आलं होतं.

कोपऱ्यात त्यांचे धाकटे दीर उभे होते. हातात चाव्यांचा जुडगा. तिजोरीची खोली त्यांच्या ताब्यात. या नोकरीसाठी त्यांचं नाव टाकेबाईंनीच सुचवलेलं. माणूस असा नाकासमोर चालणारा, की रिकाम्या रस्त्यातही सिग्नलला थांबेल. आत्ता मात्र ते वहिनीकडे बघतच नव्हते.

या इमारतीचं खरं नाव दीड ओळीचं आहे. काम करणारे सगळे तिला तंटाघर म्हणतात. दोन देशांचं मालावरून वाजलं, की ते इथं येतात. तीन सदस्य दोघांचं ऐकून घेतात आणि निकाल लिहितात. त्या निकालामागे पोलीस नाही, फौज नाही, साधा दंडुकासुद्धा नाही. हरलेला देश निकाल पाळतो तो एवढ्याचसाठी, की सगळं सरळ झालं याची त्याला खात्री असते. ती खात्री टिकावी म्हणून तंटाघरानं काही रीती धरून ठेवल्यात. बाहेरच्याला हसू येईल अशा.

एक रीत मोजणीची. निकाल द्यायच्या दिवशी दुपारी बारा वाजता दोन्ही देशांच्या वकिलांसमोर निबंधक पानं मोठ्यानं मोजतात. एकपासून शेवटपर्यंत. भले भले वकील टाय सारखा करत पोरांसारखे आकडे ऐकत बसतात. मग निबंधक शेवटच्या पानावर लिहितात, पानं इतकी, टाके अखंड, आणि सही करतात. ती सही झाली की निकाल खरा.

आजच्या निकालाची पानं दोनशे तेरा. होती दोनशे बारा.

पुन्हा छापून लावावं, तर तेही जमणार नव्हतं. कारण दुसरी रीत. पानं शिवून लाखेचा शिक्का बसला, की सगळे कच्चे कागद कापून टाकायचे आणि मशीनमधला मजकूर पुसायचा. कुणी काय लिहिलं, कुणी काय खोडलं, याचा मागमूस ठेवायचा नाही. त्या तीन प्रती सोडल्या तर दोनशे सातवं पान जगात कुठेही नव्हतं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, बाहेरचे पोलीस बोलावले तर बारा वाजायच्या आत सगळ्या जगाला कळेल. आणि बारापर्यंत पान नाही मिळालं, तर मला खरं तेच लिहावं लागेल. पान कमी. त्या दोन शब्दांवर कुठलाही देश निकाल फेकून देऊ शकतो. तीन वर्षांचं काम पहिल्यापासून.

मग जमिनीकडे बघत म्हणाले, "आणि चावी ज्याच्याकडे, नाव त्याचं लागणार. माझा इलाज नाही."

दिरांच्या हातातल्या चाव्या वाजल्या.

२

खटला बटणांचा होता. शिंपल्याच्या बटणांचा.

छोट्या देशातलं एक अख्खं गाव ही बटणं कापून जगतं. मोठ्या देशानं एका सकाळी ती सगळी बंद केली. का, तर चकाकी यावी म्हणून बटणं ज्या द्रावात बुडवतात तो पोरांच्या पोटात गेला तर वाईट. छोटा देश म्हणाला, हा बहाणा आहे, तुम्हाला तुमची प्लास्टिकची बटणं विकायची आहेत. तीन वर्षं दोघांनी एकमेकांची सालं काढली. आता निकाल छोट्या देशाच्या बाजूनं लागला होता. दोन विरुद्ध एक.

तो एक कोण, हे मात्र कुणालाही कळू द्यायचं नाही. ही तिसरी रीत, आणि सगळ्यांत कडक. तिसऱ्याचं वेगळं मत निकालाच्या शेवटी तेरा पानांत छापलेलं, पण त्यावर नाव नाही. लिहिणाऱ्याची ढब ओळखू येऊ नये म्हणून भाषेच्या टेबलावरच्या बाई प्रत्येक मत स्वतःच्या शब्दांत फिरवून घ्यायच्या. लांब वाक्यं तोडायच्या, आवडते शब्द काढायच्या. ऑफिसात याला धुलाई म्हणायचे, आणि त्या बाईंना धुलाईकाकू.

हरवलेलं पान वेगळ्या मतातलंच होतं.

टाकेबाईंनी पिशवी खाली ठेवली, हात कोटाला पुसले आणि पहिली प्रत उजेडात धरली. शिक्का शाबूत. टाके त्यांचेच, गाठ त्यांचीच. म्हणजे उसवून परत शिवलेलं नाही. मग दोनशे सहा आणि दोनशे आठच्या बेचक्यात त्यांनी करंगळी घातली.

पानाचं मूळ तिथं होतं. शिवणीत अडकलेली चिंचोळी पट्टी. पण तिची कड पात्यानं कापल्यासारखी धारदार नव्हती. मऊ होती. पिंजलेल्या कापसासारखी. आणि शेजारचं दोनशे आठवं पान कडेला जरासं लहरी झालं होतं.

साहेबांनी विचारलं, काय दिसतंय.

टाकेबाई म्हणाल्या, अजून काही नाही. एकतीस वर्षांत त्या साहेबांशी पहिल्यांदा खोटं बोलल्या.

कारण त्यांना एका क्षणात कळलं होतं. ओला दोरा. सुती दोरा पाण्यात भिजवायचा, पानाच्या मुळाशी अलगद ठेवायचा, पुस्तक मिटून अर्धा तास वजनाखाली ठेवायचं. कागद तेवढ्या रेघेत भिजून मऊ होतो. मग पान नुसतं ओढलं की येतं, आवाज नाही, पातं नाही. चुकीचं पान शिवलं गेलं तर टाके न उसवता काढायची ही बाइंडरची युक्ती.

आणि या इमारतीत बाइंडर एकच होती.

३

ही युक्ती आपण कुणाकुणाला दाखवली, हे आठवत त्या जिना उतरल्या. दिरांना दाखवली होती, घरी, जेवणाच्या टेबलावर. धुलाईकाकूंना दाखवली होती. गेली बावीस वर्षं दुपारची कॉफी दोघी तळघरातच घ्यायच्या. अध्यक्षबाईंना दाखवली होती, त्या पुस्तकवेड्या, म्हणून. आणि खुद्द साहेबांना, एकदा त्यांनीच चुकीचं पान पाठवलं तेव्हा.

तिजोरीच्या वहीत कालच्या, म्हणजे गुरुवारच्या, नोंदी तीनच होत्या. अध्यक्षबाई, दहा मिनिटं. साहेब, पाच मिनिटं. धुलाईकाकू, एक तास. छापील पानांवरून त्या एकदा शेवटची नजर फिरवतात, तो त्यांचा हक्क. आणि नोंद न करता आत असायचा अधिकार फक्त दिरांचा.

त्यांनी दिरांना जिन्याखाली गाठलं.

ते म्हणाले, मी काही केलं नाही. तीनदा म्हणाले. टाकेबाईंनी बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "भावजी, जे केलं नाही ते कळलं. आता जे केलंत ते सांगा."

दीर ओशाळले. मग हळूच सांगितलं. काल धुलाईकाकू आत असताना ते बाहेर गेले होते. काकूच म्हणाल्या, कॉफी घेऊन या जा, मी कुठे पळतेय. तिजोरीची खोली सोडून जायचं नाही असा नियम. शिवाय त्याआधी काकूंनी पाणी मागितलं होतं, डोळे चुरचुरतात म्हणून. आत पाणी न्यायचं नाही असाही नियम. त्यांनी पेला भरून दिला होता.

"दोन नियम मोडले, वहिनी. अकरा वर्षांत एकदम दोन." डोळे भरले होते त्यांचे. "म्हणून सांगितलं नाही."

दिरांची नोकरी वाचेल अशी गोष्ट टाकेबाईंना सापडली होती, आणि ती त्यांना नको होती.

४

धुलाईकाकूंच्या खोलीत कागदांचा आणि कडू कॉफीचा वास असायचा. खिडकीपाशी लाकडी स्टँडवर त्यांचा तो अजस्र शब्दकोश, कायम उघडा, जांभई दिल्यासारखा. काकू म्हणायच्या, मिटला तर परत उघडायला दोन माणसं लागतील.

आज तो मिटलेला होता. स्टँडवरून खाली, टेबलावर आडवा ठेवलेला. वर कॉफीचा मग, आणि मगशेजारी पितळी घंटा. काहीतरी वजनाखाली दाबून ठेवल्यासारखं.

टाकेबाईंनी तिकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. पान गेल्याचं सांगितलं. काकूंनी कळलं म्हटलं. काल काही वेगळं दिसलं का, विचारलं. काकू म्हणाल्या, नाही. एरवी ही बाई एका नाहीच्या जागी तीन किस्से सांगायची. शिपायाच्या बुटांपासून अध्यक्षबाईंच्या छत्रीपर्यंत सगळ्यांची टिंगल करायची. आज नुसतं नाही.

उठताना टाकेबाई म्हणाल्या, भावजींना घरी बसवतील बहुतेक. काकूंचा हात मगाकडे गेला, मग नुसताच टेबलावर राहिला.

तिथून त्या अध्यक्षबाईंकडे गेल्या. उत्तर दारातच मिळालं. त्या म्हणाल्या, पान हातात येईपर्यंत दहा वेळा वाचलेलं आहे. एखादा शब्द खटकला असता तर तिघांनी बसून बदलला असता. "मला पान बदलायचं असतं, तर मी दार वाजवून बदललं असतं."

हे टाकेबाईंना पटलं. साहेबांचंही तसंच. त्यांनीच सकाळी आपणहून मोजून बघितलं होतं. चोर असते तर बारा वाजेपर्यंत हूं की चूं न करता बसले असते.

साडेनऊ वाजले होते. चोर कोण ते कळलं होतं. पण का, ते कळत नव्हतं, आणि का ते कळल्याशिवाय मैत्रिणीच्या दारात जाऊन उभं राहायची त्यांची छाती होईना.

५

तळघरात त्या आपल्या दाबयंत्रासमोर बसल्या आणि पान हातात नसताना पानाबद्दल विचार करायला लागल्या.

मोठ्या देशानं किंवा छोट्या देशानं कुणाला फोडून हे करून घेतलं असतं, तर एका प्रतीतलं पान जाऊनही भागलं असतं. एक पान कमी, गोंधळ पुरेसा. इथं तिन्ही प्रतींतलं गेलं होतं. तंटाघराच्या स्वतःच्या प्रतीतलंही, जी पन्नास वर्षं कुणी उघडणार नाही. म्हणजे काढणाऱ्याला गोंधळ नको होता. ते पान कुणीच, कधीच वाचू नये, एवढंच हवं होतं.

आणि तेरा पानांतलं एकच. म्हणजे मताशी भांडण नव्हतं. त्या पानावरच्या एखाद्या वाक्याशी होतं.

आता जी बाई जन्मभर वाक्यं धूत आली, तिला छापून झाल्यावर एखादं वाक्य का टोचावं? एकाच कारणानं. त्यात काहीतरी धुवायचं राहिलंय, हे तिला उशिरा दिसलं.

उशिरा म्हणजे गुरुवारी. गुरुवारी असं काय झालं?

टाकेबाईंचा हात सवयीनं कॉलरकडे गेला आणि सुईला लागला.

काल सकाळी कँटीनमध्ये तिसरे सदस्य, ज्यांना सगळे किनारेवाले म्हणायचे, त्यांच्या कोटाचं बटण तुटून टेबलाखाली घरंगळलं होतं. ते तिऱ्हाईत देशाचे, पण समुद्रकाठचे, आजोळी बटणं कापायचे. नेमणुकीच्या दिवशीच त्यांनी ते सांगून टाकलं होतं आणि दोन्ही देशांनी चालेल म्हटलं होतं. तरी कँटीनमध्ये सगळे धरूनच चालायचे, की किनारेवाले म्हणजे बटणवाल्यांचं हक्काचं मत. तर त्यांनी वाकून बटण उचललं, गालाला लावलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "प्लास्टिक." टाकेबाईंनी तिथंच सुई काढून ते लावून दिलं. शेजारच्या टेबलावर मोठ्या देशाचे उंच वकील होते, तेही हसले. सदस्यांशी बोलायला वकिलांना मनाई, हसायला नाही. टाकेबाईंच्या समोर कॉफीचा कप घेऊन धुलाईकाकू बसल्या होत्या.

त्या मात्र हसल्या नव्हत्या. कॉफी अर्धी टाकून उठल्या होत्या.

टाकेबाई ताडकन उभ्या राहिल्या.

६

धुलाईकाकूंच्या खोलीत शिरून टाकेबाईंनी दार लावून घेतलं. कॉफीचा मग उचलून बाजूला ठेवला, घंटा उचलून बाजूला ठेवली, आणि शब्दकोशावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या.

धुलाईकाकू म्हणाल्या, "बावीस वर्षं. एकसुद्धा राहिलं नव्हतं गं."

दोघींनी मिळून तो उघडला. मधोमध तीन पानं, टिपकागदांत नीट वाळवलेली. आणि त्यांच्याखाली आणखी तीन, कोरी करकरीत, काकूंनी आठवणीनं टाइप करून नव्यानं छापलेली. त्यांत एक वाक्य कमी होतं.

काकूंनी सगळं सांगितलं. त्या नेहमी लिहिण्याची ढब बघायच्या. या वाक्याची ढब त्यांनी छान पुसली होती. आतला मजकूर पुराव्यात आलेल्या कुठल्यातरी तज्ज्ञाचा असेल असं धरून पुढे गेल्या होत्या. काल कँटीनमध्ये ते बटण गालाला लागलं आणि मजकूर कुणाचा ते त्यांना कळलं. शिक्का लागल्यावर भाषेच्या टेबलानं सदस्यांशी मजकुराबद्दल बोलायचं नाही, असा नियम. म्हणून ठरवलं, आपलं आपण निस्तरायचं. जुनं पान काढायचं, नवं चिकटवायचं.

"काढताना हात अडला नाही," काकू म्हणाल्या. "घालताना अडला. त्याचं वाक्य त्याला न विचारता गाळायचं, म्हणजे मग निकाल त्याचा कुठं राहिला? माझाच झाला. नाही घालता आलं. आणि तास संपला."

सकाळी सांगायचं ठरवून आल्या होत्या. तिजोरीपाशी गर्दी बघितली आणि तशाच आपल्या खोलीत येऊन बसल्या.

टाकेबाईंनी पान वाचलं. वाक्य मधोमध होतं.

शिंपल्याचं खरं बटण गालाला थंड लागतं. बटणं कापणाऱ्या घरातलं मूल ते गालाला लावतं, आणि गालावरून तोंडात कधी नेतं, ते आईलाही कळत नाही. पुरावा पुरता होईपर्यंत थांबा, असं अशा वस्तूबाबत कुठल्याही देशाला सांगायला मन धजत नाही.

त्यांनी ते परत वाचलं. जो माणूस बटणवाल्यांचा म्हणून सगळ्यांनी मोजून ठेवला होता, त्यानंच बटणांच्या विरुद्ध लिहिलं होतं. स्वतःच्या आजोळाकडे बघत लिहिलं होतं. त्याला तसं दिसलं, म्हणून.

आणि दुपारी उंच वकील हे वाचणार. काल बघितलेलं आठवणार. मग त्यांचा देश ओरडून सांगणार, बघा, खुद्द बटणवाल्याला आमचं पटलं, उरलेल्या दोघांनी कुणाचं मीठ खाल्लं ते विचारा. निकाल कचऱ्यात. आणि किनारेवाल्यांना त्यांच्याच किनाऱ्यावर पाय ठेवायची सोय राहणार नाही.

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. काकू म्हणाल्या, आता काय. सदस्यांशी तर बोलता येत नाही.

"तुला येत नाही," टाकेबाई म्हणाल्या. "नियमात बाइंडरचं नाव कुठंय?"

खरंच नव्हतं. बाइंडरला मजकुराबद्दल काही म्हणायचं असेल, हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

७

सदस्यांच्या खोलीत तिघं होते. अध्यक्षबाई, किनारेवाले, आणि दुसरे सदस्य, जुने प्राध्यापक, दाढीवाले. निबंधकसाहेब दारापाशी वही घेऊन उभे. निकाल वकिलांच्या हाती पडेपर्यंत तिघांची सही असेल तर शिक्का मोडता येतो, हे त्यांनी आधीच वाचून दाखवलं.

टाकेबाईंनी पान टेबलाच्या बरोब्बर मधोमध ठेवलं. कुणाच्याही समोर नाही. आणि कुणाकडेही न बघता सांगितलं, की काल कँटीनमध्ये एक बटण तुटलं होतं, ते काही लोकांनी बघितलं, आणि हे वाक्य वाचल्यावर त्यांना ते आठवेल.

तिघांनी वाकून पान वाचलं. मग किनारेवाले हसले, जरासे. म्हणाले, राहू द्या. मी लिहिलंय, मी सोसेन. वय झालंय माझं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही सोसाल. तो प्रश्नच नाही. उद्या या खुर्चीवर जो बसेल, तो असं लिहायला धजेल का, हा प्रश्न आहे."

वाक्य गाळायचं का, यावर दाढीवाले एकदम तडकले. तीन वर्षं किनारेवाल्यांशी त्यांचं एका मुद्द्यावर जमलं नव्हतं. कॉफीत दूध आधी की नंतर यावरही नाही. ते म्हणाले, गाळायचं कशाला? अख्ख्या निकालात खरं म्हणावं असं एक वाक्य आहे ते. मग पुटपुटत त्यांनी साहेबांनी तिजोरीतून आणलेली प्रत ओढली आणि आपल्या बाजूच्या मताची पानं उलटली. चौऱ्याण्णवाव्या पानाच्या तळाशी प्रकरण संपत होतं, चार ओळींची जागा रिकामी होती. त्यांनी पेन काढलं आणि एका कोऱ्या कागदावर लिहिलं.

शिंपल्याचं खरं बटण गालाला थंड लागतं, आणि मूल ते तोंडात नेतं, हे इथं विसरलेलं नाही. म्हणूनच विचारावंसं वाटतं, की बटणं धुऊन पाठवा एवढं सांगणं पुरलं नसतं का.

कागद किनारेवाल्यांकडे सरकवून ते म्हणाले, बघा, चालतंय का. जिंकलेल्या बाजूनं हरलेल्याला विचारलं. किनारेवाल्यांनी वाचलं. मान हलवली. डोळे पुसायला चष्मा काढावा लागला, तो काढला.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "झालं तर. हे वाक्य आता तिघांचं."

टाकेबाई एकतीस वर्षं या माणसांची पानं शिवत होत्या. यात नक्की काय लिहितात हे विचारायचं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. आज पहिल्यांदा वाटलं, आपण बरोबर जागी सुई चालवली.

साहेब म्हणाले, अकराला दहा कमी. बाई, जमेल?

८

तिन्ही प्रतींतलं चौऱ्याण्णवावं पान काढायचं, नवं लावायचं, दोनशे सात परत लावायचं. सहा पानं, एक तास.

तीन ओले दोरे, तीन प्रती, वर दाबयंत्र. तोवर धुलाईकाकूंनी आधी उतरवून घेतलेल्या मजकुरावरून नवं पान छापलं. त्यांच्यासमोर साहेब उभे, डोळे न हलवता. पावणेबाराला पानं निघाली, अलगद. खळ पातळ लावायची, जास्त लागली तर कागद फुगतो. दिरांनी इस्त्री गरम केली आणि टिपकागद धरले. चाव्या सांभाळणारे ते हात इतके स्थिर टाकेबाईंनी कधी बघितले नव्हते.

त्या गडबडीत काकू दिरांजवळ गेल्या. म्हणाल्या, आज सकाळभर तुम्ही माझ्यामुळे चोर होतात. दीर म्हणाले, इस्त्री तापलीय, बाजूला व्हा, भाजेल. एवढंच. पण त्यांनी ते हसून म्हटलं.

काकूंनी आपली चूक लिहून साहेबांकडे दिली होती. तिजोरीतली शेवटची नजर यापुढे त्यांची राहणार नव्हती. त्यांनी ती मागितलीही नाही. मोजणीला आत न बसता त्या दालनाबाहेरच्या बाकावर बसल्या.

बाराच्या ठोक्याला साहेबांनी सुरुवात केली. एक. दोन. तीन. दोन्ही देशांचे वकील बोटानं पानं उलटत होते. टाकेबाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या, हाताला अजून खळ. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. त्यांनी श्वास सोडला. एकशे ऐंशीच्या पुढे दिरांचे ओठ साहेबांबरोबर हलायला लागले. दोनशे सहा.

दोनशे सात.

दोनशे तेराला साहेब थांबले आणि त्यांनी जे लिहिलं ते मोठ्यानं वाचलं. पानं दोनशे तेरा. टाके अखंड. पान चौऱ्याण्णव नव्यानं छापलेलं, दोनशे सात पुन्हा लावलेलं, दोन्ही तिघांच्या संमतीनं चिकटवलेली. लपवलं काहीच नाही. सही केली.

उंच वकिलांनी लगेच दोनशे सात काढलं. वाचलं, आणि मान वर करून किनारेवाल्यांकडे बघितलं. त्यांच्या कोटाकडे, काल लावलेल्या बटणाकडे. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मग त्यांनी चौऱ्याण्णव काढलं.

हसू तिथंच राहिलं, पण त्याचं कारण बदललं.

त्यांनी चौऱ्याण्णव परत वाचलं. दोनशे सात परत वाचलं. समोर तीन माणसं बसली होती, तिघंही आपापल्या हातांकडे बघत.

तासाभरानं उंच वकील तळघरात उतरले. बाहीचं बटण लोंबत होतं, ते टाकेबाईंसमोर धरलं. त्या टाके घालत असताना ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, की काल कँटीनमध्ये मीही होतो. टाकेबाई म्हणाल्या, हो, हसला होतात.

"वाक्य कुणाचं ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण ते दोन्हीकडे आहे. आता त्या माणसानं कुठल्या बाजूला सही केली, हे मला शपथेवर काय, अंदाजानंही सांगता येणार नाही." मग म्हणाले, "छान शिवलंय."

"शिवलेलं नाही. चिकटवलंय. साहेबांनी लिहिलंय तसं."

ते मनापासून हसले. मग तिथल्याच फोनवरून त्यांनी आपल्या राजधानीला फोन लावला. टाकेबाईंना बाहेर जायला त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, हरलो. पलीकडून कुणीतरी बरंच काही विचारत राहिलं. ते ऐकत राहिले, टेबलावरची लाखेची कांडी फिरवत. शेवटी म्हणाले, "नाही. बोट ठेवायला जागा नाही. पोरांसाठी बटणं धुऊन पाठवा एवढं मागता येईल, ते मागू. बटणं येऊ द्या."

संध्याकाळी टाकेबाई आणि दीर बरोबरच निघाले. कोपऱ्यावरचा सिग्नल लाल होता. रस्ता रिकामा. दीर थांबले, म्हणून त्याही थांबल्या.

"वहिनी, विचारू का? ते पान कुणाचं होतं?"

सिग्नल हिरवा झाला.

"तिघांचं," टाकेबाई म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडला.